बाद पद्धतीचा चषक बाद पद्धतीनेच खेळवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर आले, सामना गोलशून्य सुटला आणि मोहन बागान सुपर चषक फुटबॉल स्पर्धेतून बाहेर पडला. चार संघांच्या त्यांच्या गटातून एकच पुढे जाणार होता. हा संघ स्पर्धेत तीन सामने खेळला. एकही हरला नाही, एकही गोल खाल्ला नाही. चेन्नईयिनला २-० ने हरवले, डेम्पोशी ०-०, ईस्ट बंगालशी ०-०. ईस्ट बंगालचेही गुण पाचच होते, पण त्यांनी चेन्नईयिनवर चार गोल चढवले होते. गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) त्यांचा चार, बागानचा दोन. म्हणजे कोलकात्याच्या या दोन संघांमध्ये पुढे कोण जाणार, हे चेन्नईयिनच्या बचावफळीने ठरवले.

त्या सामन्याला उतरताना ईस्ट बंगालला जिंकायची गरजच नव्हती, बरोबरी पुरेशी होती. देशातल्या सगळ्यात मोठ्या लढतीत एका बाजूला ९० मिनिटे दार लावून बसण्याची मुभा नियमानेच दिली. ईस्ट बंगालला दोष देण्यात अर्थ नाही. कोणत्याही शहाण्या प्रशिक्षकाने तेच केले असते. दोष स्पर्धेच्या रचनेचा आहे, आणि पुढच्या स्पर्धेची आखणी होण्याआधी त्यावर चर्चा व्हावी म्हणून हे पत्र.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १९७७ पासून चालत आलेली फेडरेशन चषक स्पर्धा २०१७ मध्ये थांबवली आणि २०१८ पासून तिच्या जागी सुपर चषक आणला. अव्वल लीगचे क्लब आणि खालच्या लीगचे निवडक क्लब एका चषकासाठी भिडतील, असा हेतू. हेतू उत्तमच. पण आजवर झालेल्या सहा स्पर्धांचा साचा पाहा. २०१८ आणि २०१९ मध्ये भुवनेश्वरला पात्रता सामने आणि मग सरळ बाद फेऱ्या. २०२३ मध्ये केरळमध्ये चार-चार संघांचे चार गट, गटातला फक्त पहिला उपांत्य फेरीत. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा भुवनेश्वर, पुन्हा गट. एप्रिल २०२५ मध्ये तिथेच, पण गट रद्द करून सरळ बाद. आणि सहाच महिन्यांनी गोव्यात परत गट. २०२० ते २०२२ स्पर्धाच नव्हती, ते वेगळे. आपल्या संघाला एक पराभव चालणार आहे की नाही हे चाहत्याला दरवर्षी नव्याने विचारावे लागते.

चार संघांच्या गटातून एकच पुढे, हा प्रकार साखळीचाही नाही आणि बादचाही नाही. साखळीचा फायदा असा की एक वाईट दिवस भरून काढता येतो. इथे पहिला सामना गमावलेला संघ पुढचे दोन्ही जिंकला तरी सहा गुणांवर अडकतो आणि दुसऱ्यांच्या निकालाकडे डोळे लावून बसतो. बादचा फायदा असा की प्रत्येक सामन्याला निकाल लागतो. इथे तोही नाही. चेन्नईयिन पहिले दोन सामने हरून बाहेर गेला होता, तरी तिसरा खेळावाच लागला. अशा सामन्यात प्रशिक्षक राखीव खेळाडू उतरवतो आणि त्या दिवशीच्या प्रतिस्पर्ध्याला फुकटचा लाभ होतो, जो आधी खेळलेल्या संघांना मिळालेला नसतो. शिवाय गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू केले नाहीत, तर उशिरा खेळणाऱ्यांना आपल्याला नेमके काय हवे ते आधीच कळलेले असते. १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी हिशेबाने खेळून दाखवल्यापासून जगभर ही काळजी घेतली जाते.

आता आकडे. सोळा संघ, चार गट: २४ गटसामने, दोन उपांत्य, एक अंतिम, मिळून २७. तेच सोळा संघ सरळ बाद पद्धतीने खेळले तर सामने १५. आयोजक गटांकडे का वळतात ते याच दोन आकड्यांत दडले आहे. प्रक्षेपणाला सामने जास्त मिळतात आणि क्लबांना किमान तीन सामन्यांची हमी मिळते. एका सामन्यासाठी एवढा प्रवास कशाला, ही क्लबांची तक्रार खोटी नाही. एप्रिल २०२५ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता ईस्ट बंगाल पहिल्याच दिवशी केरळा ब्लास्टर्सकडून ०-२ ने हरला आणि बॅगा भरून परतला. लीग संपलेली, उन्हाळा तापलेला, तीसेक माणसांचा ताफा विमानाने न्यायचा आणि ९० मिनिटे खेळून परत यायचे, याचा कंटाळा कोणालाही येईल. चर्चिल ब्रदर्सने त्या वेळी माघार घेतली आणि मोहन बागानला न खेळताच उपांत्यपूर्व फेरी मिळाली. २०१९ मध्ये तर आय-लीगच्या अनेक क्लबांनी महासंघाशी असलेल्या वादातून बहिष्कार टाकला होता आणि वॉकओव्हरवर निकाल लागले होते.

पण या दुखण्याचे कारण बाद पद्धत नाही. सगळ्यांना एकाच गावात गोळा करणे हे आहे. लीगमध्ये क्लब एका सामन्यासाठी दुसऱ्या गावी जातोच, कुरकुर न करता जातो. चषकाची फेरीही तशीच लीगच्या आठवड्यांत बसवली, की वेगळी छावणी टाकावी लागत नाही.

माझी सूचना सरळ आहे. सोळा संघ, प्रत्येक फेरीत एकच सामना, आणि तो गेल्या हंगामात लीगमध्ये खालच्या क्रमांकावर राहिलेल्या क्लबाच्या मैदानावर. सोडतीत खालच्या लीगचा क्लब निघाला तर यजमानपद आपोआप त्याचे. स्पेनने २०१९-२० पासून आपल्या राजाच्या चषकात नेमके हेच केले: उपांत्य फेरीपर्यंत एकेक सामना, सुरुवातीच्या फेऱ्यांत खालच्या विभागातल्या संघाच्या मैदानावर. जर्मनीच्या चषकात पहिल्या फेरीत हौशी आणि तिसऱ्या श्रेणीतले संघ घरीच खेळतात. मोठ्या संघाला छोट्या गावात, अनोळखी गवतावर, गच्च भरलेल्या गॅलरीसमोर खेळावे लागते, म्हणून तर तिथे उलथापालथी होतात. आपल्याकडे डेम्पोने २०२५ मध्ये ईस्ट बंगालला २-२ असे रोखले, ते गोव्यात, म्हणजे डेम्पोच्या अंगणात. हा योगायोग मी मानत नाही.

खर्चाचा हिशेब करून पाहू. ताफा ३० जणांचा धरा: वीस-बावीस खेळाडू, बाकी प्रशिक्षक, फिजिओ, डॉक्टर, किट सांभाळणारा, चित्रफितींचे विश्लेषण करणारा. दोघांना एक खोली, म्हणजे १५ खोल्या. गटातले तीन सामने तीन-तीन दिवसांच्या अंतराने असतील, तर आदल्या दिवशी पोहोचून शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी निघाले तरी आठ रात्री. म्हणजे एका क्लबाच्या १२० खोली-रात्री. गोव्यातले दोन क्लब वगळले तर १४ क्लबांच्या १,६८०, त्याही फक्त गटफेरीच्या. आता घरच्या मैदानांवरची बाद स्पर्धा घ्या. पाहुण्या क्लबाला सैलपणे तीन रात्री देऊ. पहिल्या फेरीत आठ पाहुणे, नंतर चार, मग दोन, आणि अंतिम सामना त्रयस्थ ठिकाणी म्हणून पुन्हा दोन. एकूण १६ मुक्काम, प्रत्येकी ४५, म्हणजे ७२०. निम्म्याहून कमी. वर आठ गावांत तिकीटविक्री होईल ती निराळी.

अडचणी आहेत. खालच्या लीगच्या काही मैदानांवर प्रक्षेपणाला पुरेल असा प्रकाश नसतो. तिथे सामना दुपारी साडेतीनला घ्यावा लागेल आणि हिवाळ्यातच घ्यावा लागेल. मैदान निकषात बसत नसेल तर त्याच राज्यातले पर्यायी मैदान आधी नोंदवायला लावावे, पण यजमानपद हिरावून प्रतिस्पर्ध्याला देऊ नये. एकदा ती पळवाट ठेवली की दर वर्षी कोणाचे ना कोणाचे मैदान ‘अयोग्य’ ठरेल. चित्रीकरणासाठी आठ सामने चार दिवसांत, रोज दोन असे लावले तर चार पथके पुरतात. प्रत्येक पथक एका विभागात दोन दिवसांच्या अंतराने दोन सामने करते.

मैदानाचा मुद्दा मात्र थोडा सविस्तर मांडतो, कारण स्पर्धा आखताना त्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. २४ गटसामने दोन मैदानांवर जेमतेम दोन आठवड्यांत घ्यायचे, म्हणजे सरासरी एका मैदानावर बारा. एकाच दिवशी एकाच गवतावर दोन सामने लावले, तर भार आणखी वाढतो. गवत सगळीकडे सारखे झिजत नाही. सगळ्यात आधी जाते ती गोलरक्षकाच्या उडीची जागा, गोलरेषेपासून दोन-तीन पावलांवरची. मग पेनल्टीचा ठिपका. मग सहायक पंच धावतो ती कडेची पट्टी. सामन्याआधीच्या सरावात दोन्ही संघांचे गोलरक्षक त्याच जागेवर अर्धा-पाऊण तास डावी-उजवीकडे झेपावतात आणि आघाडीवीर त्याच ठिपक्यावरून फटके मारतात. दिवसाला दोन सामने म्हणजे हे चार संघांकडून. उपाय अवघड नाहीत: सरावासाठी हलते गोल कडेला लावावेत, पेनल्टीचा सराव मुख्य ठिपक्यावर बंद करावा, पहिला सामना संपताच उखडलेली ढेकळे माणसे लावून दाबून घ्यावीत. पण ढेकूळ जागेवर बसले तरी मूळ धरायला दिवस लागतात, तास नाही. त्यामुळे बारा सामन्यांचा भार एका मैदानावर टाकूच नये, हा खरा उपाय.

याचा संबंध थेट निकालाशी येतो, कारण बाद सामना बरोबरीत सुटला की टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी फटक्यांनी लागणारा निकाल, त्याच ठिपक्यावरून होतो. ७ डिसेंबर २०२५ चा अंतिम सामना १२० मिनिटांनंतर गोलशून्य होता. एफसी गोवाने तो टायब्रेकरमध्ये ६-५ असा जिंकला आणि चषक राखला. ठिपका भुसभुशीत असेल तर फटका मारणाऱ्याचा टेकलेला पाय घसरतो. घसरलेला पाय चेंडूला लागला की चेंडूला दोनदा स्पर्श झाला. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये अॅटलेटिको माद्रिदच्या हुलियन अल्वारेझचा गोल असाच रद्द झाला आणि त्यानंतर नियमाचा अर्थ स्पष्ट करण्यात आला. आता असा स्पर्श चुकून झाला आणि गोल झाला, तर फटका पुन्हा घ्यायचा. चुकून झाला आणि गोल झाला नाही, तर टायब्रेकरमध्ये तो फटका वाया गेला असे धरायचे. जिल्हा पातळीवर अजून कित्येक जण जुनाच नियम सांगतात.

टायब्रेकरच्या बाकी नियमांतही गोंधळ होतो. नाणे दोनदा उडवायचे असते: एकदा कोणत्या गोलवर मारायचे ते ठरवायला, दुसऱ्यांदा आधी कोण मारणार ते ठरवायला. गोलसमोरची जमीन धोकादायक असेल तर पंच गोल बदलू शकतो. सामना संपताना मैदानावर असलेलेच खेळाडू फटके मारू शकतात. एका संघाचा खेळाडू लाल कार्डावर गेला असेल आणि दुसऱ्याचे अकरा असतील, तर दुसऱ्याने आपला एक खेळाडू वगळून संख्या समान करायची. प्रशिक्षक इथे आपला सगळ्यात कच्चा फटकेबाज वगळतो, आणि तो वगळलेला खेळाडू पुढे सडनडेथमध्ये (पाच-पाच फटक्यांनंतरही बरोबरी राहिली की होणाऱ्या एकेक फटक्यात) येऊ नये याकडे चौथ्या पंचाने कागद-पेन्सिल घेऊन लक्ष ठेवायचे असते. सामन्यात मिळालेले पिवळे कार्ड टायब्रेकरमध्ये मोजत नाहीत. गोलरक्षकाचा एक पाय, निदान त्याचा काही भाग, फटका बसताना गोलरेषेवर किंवा तिच्या मागे हवा. तो पुढे सरकला आणि चेंडू अडवला तर फटका पुन्हा. पहिल्या वेळी ताकीद, नंतर पिवळे कार्ड. पण चेंडू थेट बाहेर गेला किंवा खांबाला लागला आणि गोलरक्षकाच्या हालचालीने मारणारा विचलित झाला नव्हता, तर फटका पुन्हा नाही. या शेवटच्या मुद्द्यावर गॅलरीतून सर्वाधिक आरडाओरड होते, आणि बहुतेक वेळा पंच बरोबर असतो.

जादा वेळ कधी द्यायचा हेही स्पर्धेच्या पत्रकात आधी छापलेले असावे. माझे मत: उपांत्यपूर्व फेरीपर्यंत ९० मिनिटांनंतर थेट टायब्रेकर, उपांत्य आणि अंतिम सामन्यातच १५-१५ मिनिटे जादा. उन्हात खेळणाऱ्या, तीन दिवसांनी लीगचा सामना असलेल्या संघाला आणखी अर्धा तास पळवून हाती लागतात ते ताणलेले स्नायू. ऊन कडक असेल तर दीड ते तीन मिनिटांच्या थंडाव्याच्या विश्रांतीची तरतूद नियमात आहे. पाणी पिण्याची विश्रांती वेगळी, ती एका मिनिटाची. आपल्याकडे दोन्हींची सरमिसळ होते आणि वाया गेलेला वेळ शेवटी पुरता भरून दिला जात नाही.

तारखांबद्दल. एप्रिलमध्ये लीगनंतर चषक ठेवला की ज्यांचे सगळे संपले आहे ते क्लब परदेशी खेळाडूंना घरी धाडतात आणि राखीव संघ पाठवतात. जानेवारी २०२४ मध्ये स्पर्धा आशियाई चषकाच्या काळातच आली आणि राष्ट्रीय संघातले खेळाडू कतारमध्ये होते. २०२५ मध्ये लीगचाच पत्ता नव्हता म्हणून चषक पुढे ओढला, आणि गटफेरी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपवून उपांत्य सामने डिसेंबरमध्ये घेतले. चार आठवडे थांबलेल्या स्पर्धेची आठवण ठेवायला चाहत्यालाही कष्ट पडतात. त्यापेक्षा पहिल्या तीन फेऱ्या लीगच्या कार्यक्रमातच, आठवड्याच्या मधल्या दिवसांत पेराव्यात, अंतिम सामना लीग संपायच्या आधीच्या शनिवारी. तेव्हा सगळे खेळाडू करारात असतात आणि तंदुरुस्तही.

विजेत्याला आशियाई चॅम्पियन्स लीग टू च्या प्राथमिक फेरीत जागा मिळत आली आहे. त्यावर एक आक्षेप असतो की बाद पद्धतीत नशिबाने जिंकलेला संघ आशियात देशाची नाचक्की करील. २०२४ चा विजेता ईस्ट बंगाल तिथे अल्तिन असिरकडून २-३ ने हरला, हे खरे. पण तो विजेता गटांच्या स्पर्धेतून आला होता! उलट एप्रिल २०२५ च्या निखळ बाद स्पर्धेतून आलेल्या एफसी गोवाने ओमानच्या अल-सीबला २-१ ने हरवून मुख्य स्पर्धा गाठली. एकेका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, तरी गटांमुळे दर्जा राखला जातो हे म्हणणे त्यातून तरी निघत नाही. आणि ती प्राथमिक फेरी स्वतःच एका सामन्याची बाद लढत असते; तिची तयारी बाद सामने खेळूनच होणार.

१३ जुलै १९९७ ला फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात हेच दोन कोलकात्याचे संघ सॉल्ट लेकवर भिडले होते. ईस्ट बंगाल ४-१, बायचुंग भुतियाची हॅट्ट्रिक, प्रेक्षक १,३१,७८१. त्या दिवशी बरोबरी कोणालाच पुरणार नव्हती.

महाराष्ट्राच्या वाचकांसाठी एक कबुली द्यायला हवी. महिंद्र युनायटेडने २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन चषक मुंबईत आणला होता. तो संघ २०१० मध्ये बंद झाला, पुण्याच्या क्लबांचेही तेच झाले, आणि अव्वल लीगमध्ये राज्याचा आता मुंबई सिटी हा एकच क्लब उरला. तो लीगमध्ये बहुधा वरच्या निम्म्यात असतो. माझी सूचना मान्य झाली तर त्याला पहिल्या फेरीत घरचा सामना क्वचितच मिळेल, आणि अंधेरीच्या चाहत्यांना श्रीनगर किंवा कोळिकोडची तिकिटे काढावी लागतील. त्यांनी मला शिव्या घातल्या तर समजू शकतो. पण अंतिम सामन्याचे ठिकाण दरवर्षी फिरते ठेवून त्यात पुण्याच्या बालेवाडीचे नाव घालता येईल, आणि ते सोडतीच्या दिवशीच जाहीर करावे, म्हणजे मैदान राखणाऱ्याला गवतासाठी चार-पाच महिने मिळतील.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर